खाडीकाठचं खळं

बाबा, आपलं खाडीकाठचं मासळी सुकवायचं खळं वाचलं. आधी हेच सांगते, नाहीतर तू म्हणाला असतास, "वाईट काय हाय तं पयलं सांग." वाईट काही नाही. आज सकाळी आई खळ्यावर जवळा पसरून आली, घरभर तोच वास, आणि मी खिडकी उघडायलाही उठले नाही. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

तुला समजावायचं तर डेटा सेंटरपासून सुरुवात करावी लागेल. लोक मोबाईलवर फोटो, व्हिडीओ, निरोप टाकतात ते हवेत राहत नाहीत. ते ठेवायला मोठाल्या, थंडगार इमारती लागतात. एका कंपनीला तशी इमारत नेमकी आपल्या खळ्यावर हवी होती. जागा सरकारी, वहिवाट आपली, आणि कागदावर म्हणे 'पडीक'. हे सगळं जुळवून देत होता आपला नगरसेवक. होय, तोच. शेजारचा पोरका पोरगा, तुझ्या ताटात जेवलेला, ज्याला तू पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून आल्यावर माझ्याआधी खाऊ द्यायचास. आता त्याच्या बंगल्यापुढे गाड्या आणि गाड्यांपुढे पोरं उभी असतात. हे सगळं कुठून येतं ते गावाला ठाऊक होतं, पण आळीमिळी गुपचिळी.

त्याने मोबाईलवर लिंक फिरवली, 'गावाला विकास हवा का?' बघता बघता हजारो 'हो' पडले. खाली कमेंटांची रांग, आम्ही गावकरी कंपनीसोबत! मी विरोधात चार ओळी लिहिल्या तर मला असल्या शिव्या आल्या की त्या तुला लिहवत नाहीत. आई विचारायची, "ही सगली कोन मानसं गो?" मला सांगता येईना. खरंच घाबरले होते, बाबा. वाटलं, गावच फिरलंय आणि वेडी मी एकटीच. खळं गेलं तर आईने आणि तिच्याबरोबरच्या बायांनी मासळी सुकवायची कुठे, सोसायटीच्या गच्चीवर?

जागेच्या सुनावणीला सरकारी साहेब समाजमंदिरात आले. पडद्यावर 'हो'चा तो भलामोठा आकडा, आणि नगरसेवक छाती काढून म्हणतो, "साहेब, जनमत तुमच्यासमोर आहे. टेन्शनच नाय." आणि मला गावकीची बैठक आठवते. मी लहान आहे. भिंतीआडून कुणाला तरी खोटारडा म्हणून ओरडते, आणि तू सगळ्यांदेखत दटावतोस, "बोलाचं हाय तं म्होरं ये." मी रडवेली पुढे येते. म्हातारे विचारतात, "कोनाची गो तू?" तुझं नाव सांगितल्यावरच मला बोलू देतात. आपल्या गावकीचा हा नेमच होता. उभं राहायचं, कुणाचे ते सांगायचं, मग काय ते बोलायचं.

मी उठले. तुझं नाव सांगितलं आणि म्हटलं, "साहेब, ज्यांनी हो म्हटलंय त्यांनी एकेकाने उभं राहावं आणि कुणाचे ते सांगावं." कुणी हललं नाही. शेवटी नगरसेवकाने डोळ्याने खुणावलं तसा पडद्याचं यंत्र सांभाळणारा माणूस उभा राहिला. आईनेच विचारलं, "कोनाचा रं तू?" तो गडबडला. "मी... एजन्सीचा. वाशीवरनं आलोय." आधी बाया हसल्या, मग सगळा हॉल हसला. साहेबांनीही रुमाल तोंडाशी नेला. मग एकेक बाई उठत गेली, आपल्या बापाचं नाव सांगत गेली, आणि म्हणत गेली, "आमी खला देनार नाय." साहेबांना ते सगळं लिहून घ्यावंच लागलं.

काल कळलं, प्रस्ताव रद्द झाला. कंपनी आता द्रोणागिरीकडे जागा बघतेय म्हणतात. तिथल्या लोकांचं काय होईल कोण जाणे, पण आज मला तेवढा विचार करवत नाही. आज मी पोटभर जेवले आणि दुपारी चक्क झोपले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्या दिवशी बाहेर पडताना सगळे म्हणत होते, आज तुझा बापूस असायला हवा होता. मी मान हलवली. पण बाबा, तू नव्हतास तेच बरं झालं. तू असतास तर नगरसेवकाच्या शेजारच्या खुर्चीत बसला असतास, आणि मी उठलेच नसते.