भिंगावरचा कर

दि. ३ ऑक्टोबर

माननीय दुकानदार यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेले पार्सल इथवर सुखरूप पोचले, हे कळवण्यास आनंद वाटतो. मात्र कस्टमने ते अडवून ठेवले आहे. आम्ही आपल्याकडून मोठ्या घड्याळाचा लंबक टांगण्याची पोलादी पट्टी मागवली होती. ती बिलाप्रमाणे बरोबर निघाली. तिच्यावरचे शुल्क व कर भरण्यास माझी तयारी आहे. परंतु पट्टीच्या खाली, कापसात, एका कागदी पुडीत डोळ्याला लावायचे एक भिंग निघाले. ते बिलात नाही. कस्टमच्या बाई म्हणतात, हे काय आहे ते लिहून द्या. विकत घेतलेले, भेट आलेले, की तुमचीच वस्तू परत आलेली? तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

तरी ही वस्तू आपण कोणत्या हेतूने पाठवली, ते कृपया कळवावे. चुकून आली असल्यास तसेही कळवावे.

पत्र मराठीत लिहिले आहे. मला दुसरी भाषा धड येत नाही, हे एक कारण. आपल्या दुकानात ही भाषा वाचणारे कुणी असावे असे पुडीवरून वाटले, हे दुसरे.

इकडे सर्व क्षेम आहे. तिकडे थंडी फार असते असे ऐकतो. गुडघे सांभाळावेत.

आपला विश्वासू,
एक जुना ग्राहक


दि. ११ ऑक्टोबर

ती. दादास,
नमस्कार.

सोबतचं पत्र आधी वाचलं असशील, तर हसून घे. ते मी पाकिटात घातलं होतं, आणि टपालात टाकायच्या आधी तुझ्या बाबांना, म्हणजे मामांना, वाचून दाखवलं. मामा दुकानात रोज येतात. काउंटरच्या आतली तीच खुर्ची, फक्त बैठक नवी घातली आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठल्या सावकाराला लिहिलंयस रे हे?"

"परदेशातल्या दुकानदाराला."

"मग त्याच्या गुडघ्यांची चौकशी तुला कशाला?"

मी पत्र पुन्हा पाकिटात सारलं.

"पुडी आण इकडे," म्हणाले.

सामान कस्टमच्या ताब्यात होतं, पण बाईंनी पुडी उघडल्यावर तिचा कागद बाजूला टाकला होता, तो मी उचलून खिशात घातला होता. का घातला, ते तुला सांगायला नको. आपल्या दुकानात स्क्रू, काटे, चकत्या सगळं पुडीत बांधायची मामांची रीत. तीन घड्या, आणि शेवटचं टोक अंगठ्याकडे आत खोचायचं, म्हणजे पुडी जमिनीवर पडली तरी उघडत नाही. आणि तू डावखुरा. तुझं टोक नेहमी दुसऱ्या बाजूला जायचं. गिऱ्हाईक उघडायला गेलं की फाडून ठेवायचं आणि ओरडायचं, आणि मामा त्यांना सांगायचे, "उलटी पुडी आहे, उलट्या डोक्याच्या माणसाने बांधली आहे, सांभाळून घ्या."

मामांनी कागद मांडीवर ठेवला. घड्यांवरून बोट फिरवलं. मग त्या घड्यांवरूनच पुडी पुन्हा बांधली, उलटी, तुझ्यासारखी. बराच वेळ हातात धरून बसले. मी उगाच एका घड्याळाची काच पुसत राहिलो.

कस्टमच्या कचेरीत काय झालं ते आधी सांगतो. ग्रंथालयाच्या घड्याळाची पट्टी तुटली होती. तसली पट्टी बनायची बंद होऊन जमाना झाला. माझ्या धाकटीने फोनवर शोधलं, म्हणाली, "बाबा, जगात दोन-तीन ठिकाणीच मिळते, यांच्याकडे मागवते." मी बरं म्हटलं. दुकानाचं नाव वाचलं, पण त्यात तुझं काही नव्हतं. त्या दोन-तीन ठिकाणांतलं एक तुझं निघालं, यात मला देवाचा हात दिसतो. आमचा पत्ता तुझ्या डोळ्यांसमोर आला तेव्हा तुला काय वाटलं असेल, ते मी विचारत नाही.

मला वाटलं होतं, पार्सल घरी येतं. आली ती चिठ्ठी. गेलो. मोठा हॉल, पाठ टेकता येणार नाही अशी बाकं, प्रत्येकाच्या हातात नंबर. माझ्या शेजारी एक जण बूट मागवून पस्तावलेला. खिडकीशी जाऊन आला आणि मला म्हणाला, "काका, वस्तूची किंमत धरतात, तिच्यात विमानाचं भाडं मिळवतात, त्यावर शुल्क लावतात, आणि मग शुल्कासकट सगळ्यावर पुन्हा कर! म्हणजे मी करावर कर भरतोय. या बुटांनी आता मला उचलून घरी न्यायला पाहिजे." हॉलमधली अर्धी माणसं हसली. खिडकीतल्या बाईही हसल्या, पण रक्कम काही कमी केली नाही.

माझा नंबर आला. बाईंनी कात्रीने खोकं उघडलं, पट्टी काढली, बिलाशी ताडून पाहिली. मग कापूस उचलला. भिंग हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरलं तेव्हा मी ओळखलं. काळी कड, आणि कानामागे अडकवायला मामांनी स्वतः वळवलेली पितळी तार.

दादा, तू गेलास त्या दिवशी हे भिंग खणात नव्हतं. मामा त्या दिवसापासून आजपर्यंत एकच शब्द बोलत आले, "हरवलं." कुणी विचारलं तरी हरवलं. नवीन आणलं, त्याच्यावर कामं केली, पण त्याला नाव ठेवलं "पाव्हणा". "पाव्हण्याला आण जरा," असं मला म्हणायचे. नेलं हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मी मात्र मनात तोच धरून बसलो होतो. तू विचारून नेलंस की न विचारता, एवढाच माझा प्रश्न होता, आणि विचारायला तू नव्हतास.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "भेट असली तरी दुकानाच्या पार्सलमधून आली आहे, त्यामुळे सूट मिळणार नाही. वर बिलात दाखवली नाही म्हणून दंड. पण तुमचीच जुनी वस्तू बाहेर जाऊन परत आली असेल, तर काहीच लागत नाही. एखादा जुना फोटो, पावती, काहीतरी आणा. साहेब बघतील."

फोटो तर आपल्या भिंतीवरच आहे. मामा कामात, डोळ्याला भिंग, कानामागे तार. बाजूला आपण दोघं. तू कॅमेऱ्याकडे बघतोयस आणि मी मामांच्या हाताकडे. मी तेव्हा नुकताच गावाहून आलो होतो. आमच्या शाळेतलं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि गुरुजींनी त्याच्यावरच वेळ शिकवली होती, त्यामुळे मला फक्त सव्वाचार ओळखता यायचे. मामा गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचे, "हा आमचा सव्वाचार." तू मला दुपारच्या शांत वेळी एकेक घड्याळ फिरवून बाकीची वेळ शिकवलीस. सकाळी दुकान उघडायच्या आधी चाव्या द्यायची आपली शर्यत लागायची. तू डाव्या भिंतीवरच्या घड्याळांना, मी उजव्या. तू नेहमी आधी संपवायचास आणि मग गुपचूप येऊन माझ्या भिंतीवरच्याही दोन-चार देऊन टाकायचास. आता दोन्ही भिंतींवरच्या चाव्या मी एकटाच देतो. देवाचं नाव घेऊन सुरू करतो, संपेपर्यंत तेच चालतं. पण तुझ्या भिंतीशी पोचल्यावर नाव थोडं अडखळतं, हे खरं.

तर फोटो काढून मी मामांसमोर ठेवला. म्हटलं, "हा दाखवला तर एक पैसा भरावा लागणार नाही. आपलीच वस्तू परत आली असं लिहून देतो."

मामा म्हणाले, "आपली म्हणून लिहिलंस, तर ती इथून गेली कशी, हे कोण लिहिणार?"

"तसं कुणी विचारत नाही, मामा."

"कागदावर राहतं ना पण? आपली होती, सांगितल्याशिवाय गेली. सरकारी कागदावर माझा मुलगा चोर."

मी म्हटलं, "मग होता की नव्हता?" हा प्रश्न इतकी वर्षं माझ्या तोंडात होता. त्या दिवशी बाहेर पडला.

मामा पुडीशी चाळा करत बसले. मग जे म्हणाले, ते तुला जसंच्या तसं लिहितो. "त्या आठवड्यात आमचं बोलणं बंद होतं. तो जाणार म्हणत होता, मी नको म्हणत होतो. हातात द्यायचं म्हणजे जा म्हणायचं, ते माझ्याच्याने होईना. तो खण मी जन्मभर कुलूप लावून ठेवला. त्या आठवड्यात लावलं नाही. त्याने उघडून पाहिला असेल, म्हणून तर नेलं. मी दिलं होतं. त्याला ते कळलं नाही, एवढंच."

दादा, हे मलाही पहिल्यांदाच कळलं. तुला अजूनही ठाऊक नसणार, नाहीतर तू ते असं कापसाखाली लपवून पाठवलं नसतंस. तुझ्या मनात ते चोरून आणलेलं राहिलं. इथे ते दिलेलं होतं. मधली सगळी वर्षं दोघांनी आपापल्या बाजूने सांभाळली.

"भेट लिही," मामा म्हणाले. "तेव्हा माझ्याकडून त्याला. आता त्याच्याकडून आपल्याला. दोन्ही वेळा भेटच. आणि कर, दंड, जे काही असेल ते माझ्या पैशातून भर. तुझ्या नको."

मी म्हटलं, "मामा, फोटो आहे ना आपल्याकडे, फुकट सुटतंय."

"फुकट सोडवायला तो काय जप्तीचा माल आहे?"

दुसऱ्या दिवशी गेलो, भेट असं लिहून सही केली. बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की? फोटो मिळाला नाही का?" म्हटलं, "मिळाला. पण भेटच आहे." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. आणखी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. पैसे भरताना मी मनात म्हटलं, देवा, इतक्या आनंदाने कर भरणारा माणूस तूही कधी पाहिला नसशील. पावती मामांनी मागून घेतली, घडी करून वरच्या खिशात ठेवली. ती अजून तिथेच असते.

एक गोष्ट मी या पत्रात टाळत आलो. तुझ्या लक्षात आली असेल. मामा पुडी बोटांनी चाचपतात, पत्र वाचून दाखवावं लागतं, फोटो समोर ठेवला तरी त्याच्याकडे बघत नाहीत. काचबिंदू होता. वेळेवर कळला नाही, कारण त्यांनी सांगितलं नाही. कामं सोडून काही वर्षं झाली. त्यामुळे भिंग आणून हातात दिलं तेव्हा मला भीती वाटत होती. त्यांनी तार कानामागे अडकवली, भिंग डोळ्याला बसवलं, मान खाली घालून टेबलाकडे वळले, कामाला बसल्यासारखे. मग काढलं आणि म्हणाले, "कड बरी ठेवली आहे त्याने. पॉलिश करत असला पाहिजे."

निघताना बाई काय म्हणाल्या तेही लिहितो, कारण मामांना ते फार आवडलं. म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना सांगा, अशी वस्तू पाठवू नका म्हणावं. खिशात घालून स्वतःच यावं. माणसाबरोबर आलेल्या एवढ्याशा वस्तूला आम्ही काही विचारत नाही."

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मामा हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे लिही हवं तर. पण ये म्हणून लिहू नकोस. बोलावून आला तर पाहुणा होतो."

म्हणून मी तसं काही लिहीत नाही. फक्त डॉक्टर परवा जे म्हणाले ते कळवतो. मामांना अजून उजेड आणि सावली कळते. सकाळी दुकानाच्या दारातून ऊन आत येतं, त्या वेळी दारात कुणी उभं राहिलं तर ते आकृती ओळखतात. दूधवाला कोण, मी कोण, माझी धाकटी कोण, सगळं बरोबर सांगतात. डॉक्टर म्हणाले, हेही फार दिवस राहणार नाही.

दुकान मी आठला उघडतो. मामा त्याच्या आधी येऊन खुर्ची दाराकडे फिरवून बसलेले असतात.

तुझा,
सव्वाचार