भुकेलं करडू

सर, तुम्ही गेलात त्याला लई वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत करडू आणलं की तुम्ही माझ्या मागं उभे असता. खोटं कशाला बोलू, मला त्याची भीती वाटते.

मी पहिल्यांदा करडाच्या तोंडात बोट दिलं, तो दिवस आठवतो. जिभेच्या मुळाशी लाळग्रंथी असते, तिच्यातलं एन्झाइम आपल्याला मोजायचं होतं. दुधातली चरबी पोटात पोचायच्या आधीच फोडायला लागतं ते. दूधपित्या करडात भरपूर, चाऱ्याला तोंड लागलं की ओसरत जातं. ग्रंथी काढायची तर करडू कापावं लागतं; म्हणून कोवळं करडू, तेही सकाळपासून आईपासून तोडलेलं. ते भुकेनं माझं बोट चोखायला लागलं आणि तुम्ही दारातूनच म्हणालात, "अगं ए, बोट काढ. चोखलं की ग्रंथी रिती होते. त्याचा जीव तर जाणारच, वर नमुनाही वाया घालवतीस व्हय?" मग स्वतःच्या कपातला अर्धा चहा मला बशीत ओतून दिलात. मी तो प्याले, पण गोड लागला न्हाई.

आता ती प्रयोगशाळा मीच सांभाळते. आज सकाळी खाटीकमामू बेंबळीहून एक उस्मानाबादी शेळी आणि तिची जुळी करडं घेऊन आले. शेळी बाहेर लिंबाखाली करडांपासून तोडून बांधलीय, सारखी ओरडतेय. एक करडू टेबलापाशी आणलं. त्यानं मान वर केली आणि मी बोट दिलं. मुद्दाम दिलं, सर. तुमचा आवाज अगदी कानाशी आला, तरी काढलं न्हाई. कोमट, ओली जीभ. एवढ्याशा जिवाला जोर तरी किती असतो.

"बाई, हे बेकार झालं की आता," मामू म्हणाले.

"व्हय. सोडा त्याला आईकडं."

त्यांनी सोडलं. ते शेपटी हलवत आचळाला लागलं, आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

"मग दुसरं आणू?" मामूंनी विचारलं.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडं आहे, पण हे पत्र त्याला पाठवणार न्हाई. मी "आणा" म्हणाले, सर. आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.