त्यांच्या वाटणीचं क्रीम

४ फेब्रुवारी, लातूर
कॅन्सरच आहे. खालच्या ओठाचा.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "तंबाखू किती वर्षं?" आमचे हे साधी सुपारी खात नाहीत! मग नोकरी विचारली. लेहच्या वरच्या रस्त्यांवर अठरा वर्षं डोझर चालवला, हे म्हणाले.

"बजरंगराव, तेवढ्या उंचीवर ऊन जहाल असतं. खालचा बर्फही तेच ऊन परत तोंडावर फेकतो. गारठ्यात माणसाला कळत नाही. तिथं उन्हापासून वाचवणारं क्रीम मिळत नव्हतं का?"

"मिळायचं की." हे एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी
आठ महिने ओठावर तो फोड होता. "ताप मुतलाय, जाईल" — असं मीच म्हणत होते. तूप लावत होते!

७ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. ते क्रीम मी वापरलं.

दर सुट्टीला ह्यांच्या ट्रंकेत डझनभर ट्यूबा यायच्या. पहिल्या वर्षी मीच म्हणाले होते, "तिथं थंडीत तुमाला कशाला पायजे? ऊन तर आमच्या लातूरला हाय!" मग लग्नाकार्याला चोपडून जायचे. शेजारच्या दानम्माला दिल्या, चाकूरच्या नणंदेला दिल्या. दानम्मा म्हणायची, "उज्वला, लई भारी हाय गं, आणखी मागव की!" मी मागवायचे. लाज कशी वाटली नाही मला! आज आरशात तोंड बघवेना.

८ फेब्रुवारी
सांगायचं होतं. नाही सांगितलं. दुधात भाकरी कुस्करून दिली.

१० फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. मानेतही गाठ लागलीय; ती कॅन्सरचीच आहे का, ते काढून तपासल्यावरच कळेल, म्हणतात.

उद्यापासून काही दिवस ह्यांना बोलता येणार नाही. म्हणजे मला शिव्याही देता येणार नाहीत. आजच सांगायला हवं.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
सांगितलं. मी रडले. हे चक्क हसले! "येडी हाय का तू? एकाला एकच ट्यूब मिळायची. संगतीची पोरं लावायचीच न्हाईत, बायकी काम म्हणायची. तुला पायजे म्हणून मी सगळ्यांच्या मागून घ्यायचो."

सगळ्यांच्या!

नावं विचारली. अकरा निघाली. पहिले दोन नंबर बंद. तिसरा देगलूरच्या साहेबरावांचा, त्यांच्या बायकोनं उचलला. मी विचारलं — त्यांच्या ओठाला, नाकाला काही झालंय का?

"तुमाला कुणी सांगितलं, ताई?"