भोपळ्याची झोप

८ जानेवारी २००५, शनिवार. श्रूजबरी.

पोचले एकदाची! दोन बॅगा, कुकर आणि आईनं बळंच कोंबलेला तिखटाचा डबा, सगळं धड आलं. गिरीशनं बॉस्टन एअरपोर्टवरून गाडीनं आणून सोडलं. तो माझ्याच टीममध्ये आहे, इथं तीन वर्षं काढलेला, त्यामुळे वाटभर मला अमेरिका समजावून सांगत होता.

घर बघून मला हसूच फुटलं. नागपूरला आम्ही चौघं दोन खोल्यांत वाढलो आणि इथं माझ्या एकटीसाठी तीन बेडरूम, मागं मोठं अंगण, अंगणाच्या टोकाला पाइनच्या झाडांची रांग. घर गिरीशच्या ओळखीतल्या वसुधाकाकूंचं. काकू सत्तरीच्या, रिटायर्ड डॉक्टर, ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या. सोमवारी त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे, शरयूकडे, पार्सिपनीला जाणार. सहा आठवडे घर आणि कुत्रा मी सांभाळायचा. तोवर निमिषच्या व्हिसाचं कळेल, नवरा इथं आला की मग आम्ही दोघांचं घर बघू.

कुत्र्याचं नाव भोपळ्या. हॅलोविनच्या दिवशी शेल्टरमधून आणला, रंगही तसाच, म्हणून जगन्नाथकाकांनी ठेवलं. काका म्हणजे काकूंचे मिस्टर, मूळ अमरावतीचे. गेल्या वर्षी थंडीत गेले, एवढंच काकू म्हणाल्या. भोपळ्या अंगानं लॅब्रडॉर, पण कान दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे. मी बूट काढायच्या आत त्यानं माझा हात चाटून ओला केला.

१० जानेवारी, सोमवार

शरयू सकाळी येऊन काकूंना घेऊन गेली. निघताना काकूंनी सगळं दाखवलं. हीटर, कचऱ्याचे वार, भोपळ्याचं खाणं. तो वर्षभर रात्री झोपत नाही, मागच्या दाराशी बसून असतो, त्याची सवयच आहे, तिथंच बसू दे, म्हणाल्या. आयुष्यभर माणसं झोपवली, हा एक कुत्रा काही झोपवता आला नाही मला, असंही म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर त्यांनी घराकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ऑपरेशनची धास्ती असेल.

१२ जानेवारी, बुधवार

ऑफिसचे पहिले दोन दिवस छान गेले. रात्री मात्र हाल. लिनोलियमच्या फरशीवर भोपळ्याच्या नखांचं टकटक, टकटक. तीनच्या सुमारास घशातल्या घशात गुरगुर. उठून पाहिलं तर दाराखालच्या फटीला नाक लावून बसलेला, पाठीवरचे केस उभे. मी हाक मारली तर शेपटी एकदा हलवली, पण मान वळवली नाही.

दिवसा त्याच्याकडे बघवत नाही. डोळे लाल. आज पाणी पिता पिता उभ्या उभ्या डुलकी लागली आणि तोंड भांड्यात बुडालं. अकरा वर्षांचा जीव. माणसाला असं वर्षभर जागं ठेवलं तर वेड लागेल.

शेजारच्या क्युबिकलमधल्या डेबीकडे तीन कुत्रे आहेत. तिला विचारलं. तिनं पानभर सूचना लिहून दिल्या.

१४ जानेवारी, शुक्रवार

डेबीचं सगळं सुरू केलंय. जेवण सहा वाजता. संध्याकाळी पाऊण तास फिरणं, दोघांच्या नाकाचा बर्फ होईपर्यंत. नऊनंतर पाणी बंद, झोपण्याआधी एकदा अंगणात. रोज त्याच वेळी दिवे घालवायचे. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं टिकटिकणारं घड्याळ अंथरुणाखाली. माझा न धुतलेला टी-शर्ट त्याच्या गादीवर.

फिरणं आवडलं साहेबांना. झोप नाही. घड्याळ तोंडात धरून मागच्या दाराशी नेऊन ठेवलं.

१५ जानेवारी, शनिवार

डेबी म्हणते, ती जागाच बदल, त्या दारात गार वारा आणि शंभर वास असणार. म्हणून आज त्याची गादी माझ्या खोलीत, हीटरच्या जाळीशी आणली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दोन तास रडला. दार ओरबाडलं, माझ्याकडे पाहिलं, परत ओरबाडलं. मी खाली बसून त्याच्या कानामागं चोळत राहिले, आई माझ्या कपाळाला तेल चोळायची तसं. मध्येच त्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि डोकं माझ्या पावलावर टेकलं. पाय बधिर झाला तरी मी हलले नाही.

१६ जानेवारी, रविवार

झोपला! रात्री अकरा ते सकाळी आठ! झोपेत पाय हलवत होता, कुठंतरी पळत असणार. सकाळी उठून जांभई दिली ती अशी की सगळे दात मोजावेत. कॉलिंग कार्डवरून निमिषला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मुलगा झाल्यासारखी काय सांगतेस.

१७ जानेवारी, सोमवार

आज सुट्टी. भोपळ्या परत नऊ तास झोपला.

सकाळी मागच्या दाराची कडी निघालेली होती. माझ्या खोलीचं दारही उघडं. दोन्ही मी लावली होती असं वाटतंय. दमले होते, विसरले असेन.

१८ जानेवारी, मंगळवार

छान स्वप्न पडलं. कुणीतरी म्हातारं माणूस आपल्याकडच्या बोलीत सांगत होतं, चाल पोरी, घरी जाऊ. किती दिवसांनी ते ‘चाल’ ऐकलं. मी हो म्हटलं.

जाग आली तेव्हा पलंगावरच होते. पण मोजे ओले. तळव्याला बर्फाचा चुरा.

लहानपणी मी कधी झोपेत चालले नाही. आईला मुद्दाम फोन करून विचारलं.

१९ जानेवारी, बुधवार

रात्री भुरभुर बर्फ पडला. सकाळी मागच्या अंगणात पावलं होती. एक जोड माझी, मोज्यांची. शेजारून दुसरी. अनवाणी, मोठी, डावा पाय जरा ओढलेला. दोन्ही बरोबरीनं अंगणाच्या मध्यापर्यंत गेलेली. तिथून परत आलेली फक्त माझी. दुसरी पुढं झाडांकडे गेली.

पहाटे रस्त्यावरून बर्फ काढायची गाडी गेली, तिच्या आवाजानं मी परतले असेन. नाहीतर —

भोपळ्या झोपलेलाच होता. मला जाताना पाहिलंही नसेल.

ऑफिसला गेले नाही.

२० जानेवारी, गुरुवार

काकूंना फोन केला. ऑपरेशन नीट झालंय, आवाज थकलेला. मला पावलांचं विचारायचं होतं, पण धीर होईना, म्हणून आधी भोपळ्याची बातमी दिली. आता रात्रभर झोपतो म्हटलं. काकूंनी लगेच विचारलं.

“कुठं झोपतो?”

“माझ्या खोलीत, काकू. हीटरपाशी.”

“मग दाराशी कोण असतं?”

मी म्हटलं, दाराशी कोण असणार. तेव्हा त्या रडायला लागल्या. मग सगळं सांगितलं.

काकांना शेवटी काही आठवेनासं झालं होतं. हे घर आपलं नाही, असंच वाटायचं. रोज रात्री उठून मागच्या दारानं अमरावतीला निघायचे. भोपळ्या दारात आडवा पडायचा, बाही दातात धरायचा, काकू येईपर्यंत भुंकायचा. आठ महिने काकूंना एक रात्र सलग झोप नव्हती. एका रात्री त्यांनी भोपळ्याला गोळी दिली.

“डॉक्टरच ना मी. डोस बरोबर काढला. एक रात्र, म्हटलं, एकच रात्र झोपू दे.”

सकाळी काका झाडांपाशी सापडले. पाइनला टेकून बसलेले, पायजम्यावर, अनवाणी.

“आणि त्यानंतर?” मी विचारलं.

“त्यानंतर ते मला न्यायला यायला लागले. एकट्यानं कुठं जायची सवयच नाही गं त्यांना. भोपळ्या दारात असला की आत येत नाहीत.”

मला का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडले. सत्तर वर्षांच्या बाईवर ओरडले.

“तू राहिली नसतीस,” त्या म्हणाल्या. “तो जागा राहील असं वाटलं मला. आणि मला एकदा दुसऱ्या घरात झोपायचं होतं, रुचा. नुसतं झोपायचं होतं.”

फोन ठेवताना म्हणाल्या, त्याला दाराशी ने. आजच.

२१ जानेवारी, शुक्रवार

नेला. काल रात्रीच गादी, घड्याळ, सगळं उचलून दाराशी. मीही खुर्ची घेऊन बसले. दहा मिनिटांत साहेब घोरायला लागले.

ताट आपटलं. एक डोळा उघडला, मिटला. थंड पाणी शिंपडलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शिकवलेलं मीच मोडतेय. वर्षभराची झोप आहे ती. मी तिला वाट करून दिली, आता ती थांबत नाही.

रात्री ३.१०. दारावर हात. थाप नाही. म्हातारं माणूस अंधारात कडी चाचपतं तसा, वरून खाली, खालून वर. मी दारावर पाठ टेकून उजाडेपर्यंत बसले.

सकाळी गिरीशला फोन केला. भुताचं नाही सांगितलं, एकटीला भीती वाटते म्हटलं. उद्या दुपारी येऊन दोघांना घेऊन जातो म्हणाला. माझ्याकडे गाडी नाही, लायसन्सही नाही अजून.

२२ जानेवारी, शनिवार

दुपारपासून वादळ. टीव्हीवर म्हणतात दोन-अडीच फूट बर्फ पडेल, गाड्या बाहेर काढू नका. गिरीशचा फोन आला, निघाला होता, वळणावर गाडी घसरली, परत गेला. लागलं नाही त्याला. उद्या नक्की म्हणतो.

कपाटं ढकलून दारापुढं लावली. कॉफी. चौथी.

पोलिसांना काय सांगू? कुत्रा झोपलाय म्हणून?

रात्री ११

भोपळ्याचा पट्टा माझ्या मनगटाला बांधलाय, दोन गाठी. मी उठले तर तो ओढला जाईल. जागा होईल. व्हायलाच हवा.

दोन रात्री मी झोपलेले नाही. डोळे —

१२.४०

कपाटामागून आवाज. ओळखीचा वाटतो, हेच वाईट. आपल्याकडचं बोलणं. चाल पोरी, उशीर झाला. आई वाट पाहत असंल.

आईचं नाव घेतलं त्यानं. माझ्या आईचं.

भोपळ्याला हलवलं. कान ओढले. अरे ऊठ रे राजा, ऊठ. त्यानं झोपेतच माझा हात चाटला.

२.१५

डुलकी नाही लागली. नक्की नाही लागली. मग पट्टा कुणी सोडला — गाठी माझ्याच हातानं सोडल्यासारख्या, नीट, गुंडाळी करून खुर्चीवर —

कपाटं बाजूला आहेत.

दमलेय. फार दमलेय. आता काकूंचं कळतं.

२३

थंडी वाजत नाही, याचंच नवल. वही काखेत होती म्हणून लिहितेय. पेन चालेना, पेन्सिल आहे खिशात. झाडांखाली वाराही लागत नाही. काका म्हणतात जरा टेक, मग निघू. चांगले आहेत काका. हात फक्त फार —

भोपळ्या उठला वाटतं. आतून भुंकतोय, दारावर नखं मारतोय. निघताना दार मीच घट्ट ओढून घेतलं, त्याला वारा लागू नये म्हणून. किती ओरडतोय. इतका छान झोपला होता बिचारा, कुणीतरी जाऊन त्याला जरा