रत्नाबाईच्या पानावरचा पहिला घास

तारापूर, शनिवार, १० डिसेंबर १९६६

पोचले एकदाची. बोईसर स्टेशनापासून टांगा केला, पण अणुवीज केंद्राच्या बांधकामाचे ट्रक सगळ्या वाटेने पुढे, त्यामुळे उतरले तेव्हा मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते. तरी खूश आहे. हौशी नाटकांत तीन वर्षं शेजारणी आणि मावश्या केल्या, आता कॅमेऱ्यापुढे मी एकटी! सिनेमाघरात मुख्य चित्राआधी दाखवतात तसला वीस मिनिटांचा छोटा चित्रपट. जुनी गावं हिंडायची, किल्ले बघायचे, घरोघरी जेवायचं आणि प्रेक्षकांना सांगायचं कसं लागलं ते. याला काम म्हणतात हे आईला अजून पटलेलं नाही.

दिग्दर्शक रामनाथ साहेब आणि बाकी मंडळी धर्मशाळेत उतरली आहेत. माझी सोय किल्ल्याजवळ, भगवंत आणि रत्नाबाई या जोडप्याकडे. चित्रपटात स्वयंपाकही रत्नाबाईचाच दिसणार. तिशीची असेल, सावळी, ठसठशीत. कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. लाज सोडून तीन भाकऱ्या खाल्ल्या.

एक गंमत कळली. रत्नाबाई भगवंतची दुसरी बायको. पहिली, पारू, नऊ वर्षांमागे वारली. तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिची आकृती उठवलेला छोटा पत्रा, रत्नाबाई गळ्यात घालते. जे रांधेल त्याचा पहिला घास केळीच्या पानावर काढून त्या टाकाला दाखवते. मग तो घास कावळ्यांना, मग आम्ही, आणि ती स्वतः सगळ्यांत शेवटी. मेलेल्या सवतीचा केवढा हा मान.

सोमवार, १२ डिसेंबर

आज किल्ल्यावर. बुरुजावर उभी राहून, खाडीपलीकडची चिंचणी दाखवत, पोर्तुगिजांवरचं दोन पानी भाषण न अडखळता म्हटलं. साहेब "बरं" म्हणाले. नुसतं बरं.

मग रत्नाबाई आमचा डबा घेऊन आली. पायरीवर बसून बोंबलाची चटणी वाढत म्हणाली, खा की, बघत काय बसलात. झालं. साहेबांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला. काय चेहरा आहे, काय हात आहेत, चालूच. मला म्हणाले, सुगंधा, तू जरा तिच्यापुढे ताट धर.

ताट धरलं. मला तिचा हेवा वाटतो. हे चित्र माझं आहे, तिला तर ते काय असतं हेही ठाऊक नाही. लिहून टाकलं, जरा बरं वाटलं.

बुधवार, १४ डिसेंबर

आज वाडीत उकडहंडी. मडक्यात कंद, रताळी, वालाच्या शेंगा भरून तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. मडक्याचं तोंड उघडलं की वाफेचा लोट उठतो, आणि तो एकदाच उठतो. कॅमेरावाला सकाळपासून हेच बजावत होता. ठरलं असं की वाफ असतानाच रत्नाबाईने पहिला घास खायचा. माझा नाही, तिचा चेहरा!

ती ऐकेना. पहिला घास थोरलीचा, म्हणाली. पानावर काढला, टाकापुढे धरला, डोळे मिटले. साहेब ओरडताहेत, फिल्म पळते आहे, वाफ विरत चालली आहे. मी पुढे झाले. तिच्या हातातल्या पानावरचा तो घास उचलला आणि कॅमेऱ्याकडे बघत खाल्ला.

साहेबांनी टाळी वाजवली. रत्नाबाईने डोळे उघडून रिकामं पान पाहिलं. मला वाटलं रागावेल. ती बराच वेळ गळ्यातला टाक तळहातावर तोलत बसली.

गुरुवार, १५ डिसेंबर

कशालाच चव नाही. मीठ वरून घेतलं, तरी नाही. जिभेला काही लागायच्या आधीच घास संपतो. चार भाकऱ्या खाऊन उठले आणि भूक तशीच.

साहेब मात्र खूश. अशी भूक पडद्यावर कधी दिसली नाही, म्हणतात. उद्यापासून ताट रत्नाबाईने धरायचं, जेवायचं मी. हेच तर हवं होतं मला. दिवसभर तिच्याकडे बघून हसले.

शनिवार, १७ डिसेंबर

उकडहंडीची फिल्म मुंबईहून धुऊन आली, सोबत चार फोटो छापून. साहेब म्हणाले, बघ, काय दिसतेस.

पातळ माझं. बांगड्या माझ्या. चेहरा माझा नाही. रुंद कपाळ, पुढचा एक दात तुटका, डोळे ताटावर. मी म्हटलं ही मी नव्हे. सगळे हसले. कोणालाच फरक दिसत नाही.

भगवंतला एक फोटो दाखवला. त्याच्या हातून तो पडला. ही पारू, एवढंच म्हणाला आणि वाडीत निघून गेला.

रविवार, १८ डिसेंबर

रत्नाबाईचे पाय धरले. म्हटलं, चुकले, हेव्यापोटी केलं, तुझी थोरली तू परत घे, तिला पान वाढ. ती चुलीशी जेवत होती. सगळ्यांच्या आधी. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाय, नऊ वरसं मी तिच्या मागनं जेवले. लुगडं नेसले तं तिच्या मागनं, नवऱ्याशी बोलले तं तिच्या मागनं. आता टाक हलका झालाय. तुला पुढं बसायचं होतं ना? बस."

आणि भाकरीचा तुकडा मोडून सावकाश खाल्ला.

मंगळवार, २० डिसेंबर

साहेबांना सांगून पाहिलं, मला घरी जाऊ द्या. ते म्हणाले, आता सगळं चित्र तुझ्यावरच आहे.

आरशात बघत नाही. जिभेला पुढचा दात तुटका लागतो. रत्नाबाई भगवंतला वाढत होती आणि माझ्या पोटात — नाही, माझ्या नव्हे. मला तो माणूस कोण लागतो?

बुधवार, २१

सकाळी स्वयंपाकघरात गेले. मीठ कुठे, तिखट कुठे, न विचारता हात गेला — डबे हलवलेत तिने. माझे डबे —

मी सुगंधा. दादर. आईचं नाव — आईचं नाव आत्ता —

गुरुवार

शेवटचं शूटिंग. ताट माझ्यापुढे आहे. खाते, भरत नाही.

ती पलीकडे बसली आहे. हसते आहे. त्याच्या शेजारी. पान पुढे ओढलं तिने. घास उचलते आहे — माझ्या चुलीवरचा, माझ्या नवऱ्याच्या पुढ्यात, माझ्या आधी — तिचा गळा आता अगदी जवळ आहे, आणि माझे हात