टिंबरमामाचा आखूड हात

टोरोंटो
मार्च संपत आला, बर्फ संपत नाही.

तीर्थस्वरूप वॉल्टरदाजी यांना मेहुणा ओरेस्ट पिडलुब्नी याचा टोपी काढून आणि पाठीत उसण भरलेली असूनही कमरेत वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का, स्टेफाताईचं ब्लडप्रेशर खाली आलं का, आणि अंगणातला बर्फ तुम्ही स्वतः उपसत नाही ना, हे सविस्तर कळवा. मी ठीक आहे. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो आणि मधल्या वेळात तुमच्यावर चिडतो. हे वाक्य ताईला वाचून दाखवू नका (तुमची पत्रं तीच आधी फोडते हे मला माहीत आहे, तेव्हा ताई, तुलाही नमस्कार, आणि तुझ्यावरही चिडलोच आहे).

मुद्द्याचं आधी लिहितो, कारण नंतर मी भरकटतो. विलो कूलीच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून, गावचे नगराध्यक्ष या नात्याने तुम्ही माझा जो दुमजली पुतळा उभारायला निघाला आहात, तो थांबवा. शेजारच्या हार्टवेलने जेवणाच्या काट्याला टोचलेली लोणच्याची काकडी उभारली, ती बघायला लोक गाड्या थांबवतात, आणि विलो कूलीत मात्र कुणी पेट्रोल भरायलाही वळत नाही, हे तुमचं दुःख मी समजू शकतो. पण काकडीशी बरोबरी करायची म्हणून सख्ख्या मेहुण्याचा ओंडके कुरतडणारा बीव्हर करायचा, ही कुठली रीत? पुतळा माझा, गौरव माझा, खाली पाटीवर नाव माझं, आणि वर काय, तर पुढे दात आणि मागे चपटी शेपूट. त्यात मी कुठे आहे? पोटात.

दाजी, माझं आयुष्य तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्या पुतळा कमिटीला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी ट्रॉम्बोनवाला आहे. आपल्या चर्चच्या तळघरात, बटाट्याच्या करंज्या, म्हणजे पिरोही, उकडणाऱ्या बायकांच्या वाफेत, ती लांब नळी पुढेमागे सरकवत मी पहिला सूर काढला तेव्हा बाबा म्हणाले होते की गाय अडली आहे का बघून या. तिथून मी टोरोंटोला आलो आणि या शहरात जिथे जिथे जॅझ वाजला आणि प्यायला मिळालं तिथे तिथे वाजवलं. पोटासाठी नट झालो. इथे रस्त्याच्या पाट्या बदलून, पिवळ्या टॅक्सी आणून अमेरिकेची शहरं तयार करतात. नायक आणि खलनायक तिकडून विमानाने येतात, पण ‘साहेब, तो तिकडे पळाला’ असं सांगणारा माणूस मात्र इथलाच लागतो. तो मी. एका पोलीस मालिकेत मी तीन वेळा मेलो आणि पुढच्या वर्षी त्याच मालिकेत इन्स्पेक्टर होऊन आलो, कुणाला पत्ता लागला नाही. लोरेनचं मत असं होतं की मी मेलेला जास्त चांगला करतो. (बायकोचं मत होतं, ऐकून घ्यावं लागलं.)

आणि मग तो मुलांचा कार्यक्रम, ‘ओंडक्याखालचं घर’. मला सांगण्यात आलं होतं की संगीतकार पाहिजे. गेलो तर हातात पोशाख दिला. केसाळ, जाड, आणि आत कुठल्यातरी जुन्या नटाचा वास. त्या पोशाखात शिरून मी एकोणीस वर्षं टिंबरमामा झालो. रोज दुपारी मामा मुलांना दात घासायला सांगायचा, शेजारच्या हंसाशी भांडायचा आणि शेवटी ट्रॉम्बोनवर निरोपाची धून वाजवायचा. ती धून माझी. मी रचलेली. पायऱ्या उतरून घरी यावं तशी ती एकेक सूर खाली येते आणि शेवटी सा वर टेकते. म्हणजे टेकायला पाहिजे. कारण तो सा वाजवायला नळी लांब ढकलावी लागते, आणि त्या पोशाखाची बाही होती आखूड. बीव्हरला माणसाएवढा हात नसतो, असं शिवणाऱ्या बाईंचं शास्त्र. मग काय, धून रे पर्यंत यायची आणि तिथेच लटकायची. दाराशी येऊन उंबऱ्यावरच उभी. मी म्हटलं पट्टी बदलू, तर हंसाचा आवाज त्या पट्टीत चिरकायचा. म्हटलं बाही वाढवा, तर म्हणाले पुढच्या वर्षी बघू. तुम्हाला माहीतच आहे, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणजे आपल्या लोकांत ‘नाही’.

परिणाम काय? या अख्ख्या देशात पोटं सुटलेली, टक्कल पडलेली माणसं आज ती धून गुणगुणतात आणि ठामपणे रे वर थांबतात. क्लबात मी माझीच धून नीट वाजवली तर पुढच्या टेबलावरून कुणीतरी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि मला सावकाश समजावतो की आजोबा, शेवट असा नाही. बरोबर शेवट गाणारं एकच माणूस होतं, लोरेन, आणि तिला जाऊन आता दुसरा हिवाळा सरला. म्हणजे तो सा माहीत असलेला मी एकटाच उरलो. हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवावं लागलं आणि त्याचाही मला राग येतो.

अशात तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, ‘ओरेस्ट, गावाने ठरवलंय, हमरस्त्यावर तुझा पुतळा, हातात ट्रॉम्बोन.’ दाजी, मी फोन ठेवून खुर्चीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वाटलं, चला, शेवटी कुणाला तरी कळलं. नवा कोट शिवायला टाकला. विमानात शेजारच्या बाईला, ती झोपलेली असूनही, सगळं सांगितलं. आणि तुम्ही मला थेट कर्लिंगच्या, बर्फावर दगड सरकवायच्या त्या खेळाच्या, हॉलमध्ये नेलंत. अख्खा गाव जमलेला, कॉफी उकळतेय, खजुराच्या वड्या मांडलेल्या, आणि समोर चादरीखाली चित्र. नावा दुरुस्त करणाऱ्या ब्रेंट लोविकने (पुतळा फायबरचा, म्हणून नाववाला, हेही तुमचंच डोकं) चादर ओढली. दात दिसले. मला वाटलं, चुकून दुसरंच चित्र आणलं.

आता इथे मी तुम्हाला दोष देतोय तितकाच स्वतःलाही दिला असता, पण आज दोष वाटण्याच्या मनःस्थितीत नाही. तुम्ही विचारलंत, कुणाची हरकत? मी उभा राहिलो. मनात तोफ भरलेली होती. तोंडातून आलं, ‘माफ करा, कुणाला त्रास द्यायचा नाही, सगळ्यांनी फार कष्ट घेतलेत, पण...’ आणि थांबलो. कारण आपल्या गावात हरकत ‘पण’ पर्यंतच बोलायची असते, पुढचं समोरच्याने ओळखायचं असतं. आजवर प्रत्येकाने ओळखलं आहे. हॅलिना मावशीने आमच्या थोरल्या दादांच्या लग्नात ‘सून छान आहे, पण’ एवढंच म्हटलं आणि अख्खी खोली गार पडली होती. आणि त्या दिवशी? तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, ‘ओरेस्टला भरून आलंय, अनुमोदन त्याचंच लिहा.’ टाळ्या. म्हणजे माझ्या विटंबनेला अनुमोदन माझंच. निवडून आल्यापासून तुम्हाला ‘पण’ ऐकू येईनासा झालाय, कान दाखवून घ्या.

म्हटलं ठीक, तोंडाने जमत नाही तर वाद्याने सांगू. ट्रॉम्बोन काढला आणि धून वाजवली, माझ्या हाताने, माझ्या कोटात, अगदी सा पर्यंत. मग ती डार्लीन, धान्याचा ट्रक चालवते ती, जिच्या दंडावर माझं डोकं बसेल, ती सगळ्यांसमोर उठून प्रेमाने म्हणाली, ‘काका, शेवटी चुकलात. होतं या वयात.’ मी बाहीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. एक जण म्हणाला, ‘मामा कधी चुकायचा नाही.’ माझ्याच तोंडावर, मी मामा असताना. तेव्हा तुम्हीच, होय तुम्हीच, गावच्या संग्रहालयातून, लोण्याच्या यंत्रामागून तो पोशाख काढून आणवलात आणि म्हणालात, घालून दाखव, म्हणजे खरंखोटं होईल.

घातला. सत्यासाठी घातला, हे लक्षात ठेवा. चेन लागेना तेव्हा ताईने मागून गुडघा लावला. आत तोच वास, फक्त आता तो जुना नट मी होतो. धून वाजवली, शेवटाला हात ताणला, बाही कोपरात अडली, रे वर लटकलो. म्हटलं, बघा, पटलं? पण मुखवट्यातून कुणाला काय ऐकू जाणार. सगळा हॉल उभा राहिला होता. बर्फावरचे, कडेचे, कॉफीवाल्या बायका, सगळे ती धून गात होते आणि सगळे मिळून चुकत होते. डार्लीनने मला मिठी मारली. ती रडत होती. तिची आई रात्रपाळीला जायची आणि दुपारी तिला मामाबरोबर बसवून झोपायची, असं ती केसाळ कानात सांगत होती. मी आतून ओरडत होतो की बाई, तो सूर चुकीचा आहे. ती म्हणाली, ‘हो मामा, हो.’ माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते उकाड्याने. पोशाखात हवा खेळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निरोप न घेता निघालो त्याचं कारण आता तुमच्या ध्यानात आलं असेल. तेव्हा शेवटचं लिहितो. पुतळा रद्द करा. उभारायचाच असेल तर माणसाचा उभारा, नाक माझं, टक्कल माझं. तेही जमत नसेल तर मुळा उभारा, भोपळा उभारा, पण माझ्या नावाला शेपूट लावू नका. नाहीतर मी वकील गाठेन (गाठला आहे, तो कार्यक्रमाची धून गुणगुणत होता, म्हणून दुसरा शोधतोय). ताईला सांगा, तिने बांधून दिलेला कोबीच्या पानातला भात मी रागाच्या भरात विमानतळावरच संपवला. चांगला झाला होता.

लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक, आणि तुम्हाला सद्बुद्धी.

रागावलेला,
ओरेस्ट

ता. क. ब्रेंटच्या चित्रात दात पांढरेशुभ्र आहेत. मामाचे दात कधीच तसे नव्हते, एकोणीस वर्षं त्या फटीतून मी कॉफी प्यालो आहे. रंग देणारच असेल तर थोडा पिवळा द्यायला सांगा. हे फक्त माहितीसाठी, याचा अर्थ मान्यता असा काढू नये.

आणखी एक. काकडीची उंची काट्यासकट मोजली होती की काट्याशिवाय? काट्यासकट मोजा आणि वर वीतभर तरी चढवा. करायचं तर मग हार्टवेलवाल्यांना खाली मान घालायला लावा.

आणि हे शेवटचं, ताईलाही वाचून दाखवा. कार्यक्रम चालू असायचा तेव्हा लोरेन रोज दुपारी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येऊन उभी राहायची. धून रे वर अडकली की राहिलेला सा ती स्वतः म्हणायची आणि मगच बटण बंद करायची. मी विचारलं, रोज कशाला? तर म्हणायची, तुला अर्ध्या वाटेवर सोडून कशी जाऊ. आता ते करायला कुणी नाही. म्हणून ब्रेंटला सांगा, बाकी शेपूट, दात, पोट काय हवं ते करू दे, पण मामाचा उजवा हात चित्रातल्यापेक्षा दीड हात लांब कर आणि नळी पार पुढे ढकल, सहाव्या जागेपर्यंत, तो सा तिथेच लागतो. जागा मी स्वतः येऊन खडूने खूण करून दाखवेन. गुरुवारी पोहोचतो, माडीवरची खोली गरम करून ठेवा.