काटा कमी का उतरतो

सोम. १२ जाने.
अकरावीला आज वायू सुरू केले. दाब, आकारमान, मोल. मागच्या बाकावरची एक मुलगी, "मॅडम, याचा घरी काय उपयोग?" हिला एकदा आमच्याकडे चहाला बोलवायला हवं.
घरात आमचे हे, म्हणजे व., ऑक्सिजनच्या मशीनवर. अकरा ते तीन मात्र सिलिंडर चाकाच्या गाडीवर घालून खाली कट्ट्यावर, ऊन खायला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले आणखी तिघे असतात. नळी एकट्या यांना, आणि बडबडही यांचीच जास्त. सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली, फुप्फुसं काही विसरली नाहीत.
सकाळी नवा सिलिंडर लावला. दाबाचा काटा १५० बारवर.

बुध. १४ जाने.
काल सकाळी काटा १२६, आज १०२. रोज चोवीसच.
सिलिंडरच्या पोटात दहा लिटर पाणी मावेल एवढी जागा, म्हणजे काट्याचा एक आकडा दहा लिटर वायूचा. डॉक्टरांनी सांगितलेत मिनिटाला दोन लिटर. चार तासांचे ४८० लिटर. काटा ४८ ने उतरायला हवा.
जागा बदलत नाही. सकाळी सहालाच बघते, उन्हात दाब उगाच फुगतो. मग दाब म्हणजे सरळ आतले मोल. गळती असती तर काटा जास्त उतरला असता. हा तर निम्माच उतरतोय. म्हणजे व. निम्माच...
तिळगूळ दिला. गोड बोलायचा सण, म्हणून गप्प बसले. फार जड गेलं.

गुरु. १५ जाने.
विचारलं. "नॉब एकवर ठेवता का?"
"छे! काटा खराब असेल."
"काट्यावर ढकलू नका."
मग कबूल. मी कॉलेजला गेले की एकवर, यायच्या आत पुन्हा दोनवर. तीस वर्षं बॉयलरसमोर काटे वाचले, आणि काटा चुगली करेल हे लक्षात नाही!
म्हणे, "पंचवीसला अक्काकडे जायचंय ना, वाचवतोय."
मी रागावले. रडलेसुद्धा, पण ते स्वयंपाकघरात.

शुक्र. १६ जाने.
कागदावर मांडून दाखवलं. अक्कांकडे सटाण्याला जाऊन-येऊन पाच तास, तिथे चार. दोन लिटरने १०८० लिटर. एका सिलिंडरमध्ये दीड हजार. एक पुरून उरतो, दुसरा सोबतीला. वाचवायचं कारणच नाही.
कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "वाचवत नव्हतो गं. सवय करत होतो."
"कसली?"
"नळीशिवाय बसायची. अक्काला माहीत नाही."
अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा व. सहा वर्षांचे, अक्का अठरा. लग्न लांबवून यांना वाढवलं. आता शहात्तर, अंथरुणाला खिळलेल्या. दर रविवारी फोनवर त्यांच्या अहिराणीत एकच, "भाऊ, तू बरा शे ना? मग बठ्ठं बरं शे." तू बरा तर सगळंच बरं. आणि हे दोन वर्षं ठणठणीत आवाज काढतात.
"अर्धा तास दे. तिला एकदा मला नीट बघू दे."
 काल उगाच एवढं तोडून बोलले.

शनि. १७ जाने.
डॉक्टरांकडे. एकवरचं ऐकून व.ना चांगलं झापलं. मला बरं वाटलं. नंतर म्हणाले, "बसल्या जागी नळीशिवाय थोडा वेळ चालेल. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आधी घरी बघा, वहिनी समोर असताना."

रवि. १८ जाने.
बघितलं. खुर्चीत बसवलं, नळी काढली, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा. व. मिटल्या तोंडाने बसलेले.
"बोला की. तिथे काय मौनव्रत आहे?"
"काय बोलू?"
"अक्कांशी बोलणार तेच."
९४. "अक्का, मी आलो." ९२. "जेवलो गं, पोटभर." ९०. "नाही, वाळलो नाही. तुझी नजरच तशी."
पुढचं मला नीट ऐकवलं नाही. बाराव्या मिनिटाला ८८. नळी लावली.
"अर्धा तास?"
"बारा मिनिटं."
"वीस?"
"बारा."
हात तसाच धरून बसले होते माझा.

बुध. २१ जाने.
काटा ४८ ने उतरला. बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता. आता व.च रोज विचारतात, "काय मॅडम, पास?"

शनि. २४ जाने.
संध्याकाळ. डबे भरून झाले. दोन्ही सिलिंडर १५०. गाडी सकाळी सातला. व.नी इस्त्रीचा शर्ट आत्ताच बाहेर काढून ठेवलाय. ठरलंय ते असं: अक्कांच्या खोलीबाहेर नळी काढायची, खाटेजवळ खुर्ची, मी दारात घड्याळ घेऊन बसणार.
बारा मिनिटं, दोन लिटरने चोवीस लिटर. खोलीच्या तापमानाला चोवीस लिटर म्हणजे जवळजवळ एक मोल. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, कधी दाखवता आलं नाही. तेवढा ऑक्सिजन सोडणार आहेत हे, बहिणीसमोर धडधाकट भाऊ म्हणून बसायला.
तेराव्या मिनिटाला मी नळी घेऊन उठेन. अक्कांनी यांचा चेहरा हातात धरला असेल, तरी.
उठेन ना?